बांधावरचं तण, बटव्यातलं औषध

श्रावणातल्या शुक्रवारी सकाळी मंडईत गेलात, तर कोपऱ्यावर बसलेल्या मावशींच्या टोपलीत आघाडा, दूर्वा आणि चार फुलं अशी एकत्र बांधलेली जुडी हमखास दिसते. जिवतीच्या पूजेला आघाडा-दूर्वांची माळ हवीच, म्हणून आपणही घासाघीस न करता ती घेतो. पण गंमत पाहा. हाच आघाडा नि हीच दूर्वा शेतात उगवली, की शेतकरी कपाळाला हात लावतो. आपली दूर्वा म्हणजे त्याची हरळी. एकदा का ती रानात शिरली, की खणून खणून माणूस थकतो, पण ती थकत नाही. आपण देवाला वाहतो, तो बांधावर फेकतो. वनस्पती मात्र एकच.

या तणांविषयी लिहा, असं बऱ्याच जणींनी सुचवलं होतं. त्याला कारणही तसंच आहे. हल्ली फोनवर रोज एक ना एक निरोप येऊन पडतो. ‘हे गवत प्या, मुतखडा विरघळेल.’ ‘हा पाला चावा, साखर उतरेल.’ ‘ही मुळी उगाळा, सूज जाईल.’ एका भगिनीनं तर सरळच विचारलंय, “ताई, सासूबाई म्हणतात आमच्या वेळी सगळं यानंच बरं व्हायचं. मुलगी म्हणते हे सगळं थोतांड आहे. मी कुणाचं ऐकू?”

प्रश्न मोठा नेमका आहे. त्याचं उत्तर माझ्या आजीनं मला फार वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. तेच आज सांगते.

आजी आणि आघाडा

माझं माहेर आताच्या रायगड जिल्ह्यातलं. भाताची शेती. पावसाळ्यात लावणी झाली, की थोड्या दिवसांनी बेणणी, म्हणजे तण काढणं. बायका ओळीनं वाकून तण उपटत पुढे सरकायच्या आणि आजी बांधावरून काय टाकायचं, काय ठेवायचं ते सांगायची. “ते टाक. तो माका आहे, वेगळा ठेव. तो टाकळा कोवळा आहे, संध्याकाळच्या भाजीला होईल.” आम्हां मुलींची शाळा तीच. पुस्तक नाही, फळा नाही. हातात पान, नाकाशी वास आणि आजीचा आवाज.

आमच्या वाडीत विंचू चावला, की माणसं आजीकडे यायची. आजी आघाड्याचं मूळ सहाणेवर उगाळायची, दंशावर लेप द्यायची आणि चावलेल्याशी बोलत बसायची. सकाळपर्यंत माणूस बरा. आजीच्या हाताला गुण आहे, असं सारी वाडी म्हणे.

१९७१ सालची गोष्ट. भातकापणी चालू होती. आमच्याकडे कामाला असणाऱ्या गड्याचा मुलगा पेंढ्यात खेळत होता. असेल सात-आठ वर्षांचा. त्याला तांबडा विंचू चावला. आजीनं नेहमीप्रमाणे लेप दिला. पण पोर घामानं भिजायला लागलं. उलट्या सुरू झाल्या. हातपाय गार पडले. रात्री उशिरा बैलगाडी जुंपली, पण तालुक्याचं गाव येण्याआधीच सगळं संपलं.

त्यानंतर आजी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. पुढे कुणाला विंचू चावला, की ती सहाण काढायचीच नाही. लेप मागायला आलेल्याला ती एवढंच म्हणे, “आघाडा जिवतीला. विंचवाला गाडी.” आणि स्वतः उभी राहून गाडी जुंपून घ्यायची. श्रावणात मात्र जिवतीला आघाडा वाहताना ती त्या पोराचंही नाव घ्यायची.

मैत्रिणींनो, आजीचं त्या आधीचं यश खोटं होतं का? नाही. पण ते आघाड्याचं नव्हतं. मोठ्या काळ्या विंचवाचा, म्हणजे इंगळीचा दंश फार दुखतो, पण बहुतेक वेळा एका दिवसात आपोआप उतरतो. लेप दिला तरी उतरतो, नाही दिला तरी उतरतो. तांबडा विंचू आकारानं लहान, पण त्याचं विष हृदयावर आणि फुप्फुसांवर घाला घालतं. मुलांना तर त्याचा फारच धोका. त्या काळी दवाखान्यातही यावर फारसं काही हाती नव्हतं, हेही खरं. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशाच्या रोग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध वेळेवर दिलं तर रोगी वाचतो, हे १९८०च्या दशकात दाखवून दिलं. प्राझोसिनबरोबर विंचवाचं प्रतिविषही दिलं, तर रोगी लवकर सावरतो, हे त्यांनी २०११ मध्ये मांडलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज हा उपाय आहे. पण तो मिळायला माणूस वेळेत दवाखान्यात पोचावा लागतो. लेपात घालवलेले दोन तास परत मिळत नाहीत.

म्हणून या लेखातली पहिली गोष्ट लक्षात ठेवा. जे दुखणं आपोआप बरं होतं, त्याचं श्रेय ज्या त्या वेळी दिलेल्या औषधाला मिळतं. एकदा हे कळलं, की सासूबाईही खऱ्या आणि मुलगीही खरी, हे लक्षात येईल.

आता एकेक तण पाहू. मी त्यांचे तीन भाग केलेत: ताटातलं, अंगावर लावायचं आणि पोटात घ्यायचं. वरून खाली येताना सावधपणा वाढवत न्यायचा.

ताटातलं तण

यात पहिला मान टाकळ्याचा. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या, की बांधावर, रस्त्याच्या कडेला टाकळा दाटीनं उगवतो. कोवळी पानं फुलं येण्याआधी खुडायची. संस्कृतात याला ‘चक्रमर्द’ म्हणतात, कारण गजकर्णाची चक्रं जिरवणारा अशी त्याची ख्याती. पण आपण आधी भाजी करू.

दोन जुड्या पानं निवडून, धुऊन बारीक चिरा. पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून तेलावर परता, दोन मिरच्या आणि एक मोठा कांदा घाला. कांदा मऊ झाला, की तासभर भिजवलेली मूठभर मुगाची डाळ आणि पाला घालून झाकण ठेवा. झाकणावर थोडं पाणी ठेवलंत, तर भाजी खाली लागत नाही. शिजली, की मीठ आणि ओलं खोबरं. पाला किंचित कडसर असतो. मुलं कुरकुर करत असतील, तर आधी उकडून, पिळून घ्या. पहिल्यांदा खाताना बेतानं खावी, कारण टाकळा थोडा सारक आहे.

टाकळा निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा शेजारीच उगवतो. काही भागांत त्यालाच रानटाकळा म्हणतात. ओळखायचं कसं? टाकळ्याच्या पानात बहुधा तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पानुलं टोकाशी रुंद, गोलसर असतं. कासविंद्याच्या पानात चार-पाच जोड्या आणि टोक अणकुचीदार. टाकळ्याची शेंग लांब, बारीक आणि बाकदार, कासविंद्याची चपटी. हा फरक किती महत्त्वाचा आहे, ऐका. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दरवर्षी एका गूढ आजारानं दगावत असत. मेंदूज्वर समजून उपचार होत. तिथल्या डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या कच्च्या बिया खात असल्याचं कळलं. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा घराजवळ कासविंदा असेल, तर शेंगा धरण्याआधी उपटा आणि मुलांना त्या शेंगा दाखवून ‘खायच्या नाहीत’ म्हणून बजावा.

दुसरी घोळ. जाडसर, रसाळ पानांची, तांबूस देठाची, जमिनीवर पसरणारी. चव किंचित आंबट. शेतकऱ्याला ती नकोशी, पण हिरव्या पाल्यात क्वचित आढळणारी ओमेगा-३ जातीची स्निग्ध आम्लं तिच्यात आहेत. डाळीत घालून किंवा ताकात पातळ भाजी करून छान लागते. चिखल फार असतो, तेव्हा तीन-चार पाण्यांतून काढा. एक खूण सांगते. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला, तर ती घोळ नव्हे. ती दुधीच्या जातीची वनस्पती, फेकून द्या. आणि घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल, तर त्यांना घोळ नको. तिच्यात ऑक्झलेट पुष्कळ असतं. फोनवरच्या निरोपात नेमकं हेच लिहिलेलं नसतं.

कुर्डूची कोवळी पानं, तांदुळजा, माठ ही सगळीही मुळात तणंच. आपल्या आज्यांनी त्यांना ताटात बसवलं, म्हणून ती ‘भाजी’ झाली. तणाचा सर्वांत मोठा औषधी उपयोग कोणता, असं मला विचाराल, तर मी म्हणेन, हाच. पावसाळ्याच्या सुरुवातीला, मळ्यातली भाजी कमी आणि महाग असताना, फुकटात मिळणारा हिरवा पाला. घर निरोगी ठेवायला याहून मोठं औषध नाही.

अंगावर लावायचं

माका आधी घेऊ. पाणथळ बांधावर येणारी, बारीक पांढऱ्या फुलांची ही वनस्पती. पानं चुरगळली, की बोटं काळसर होतात, हीच तिची ओळख. त्यावरूनच ती केस काळे करते, ही समजूत रूढ झाली असावी. खरं सांगू? पांढरा झालेला केस माक्यानं काळा होत नाही. पण घरी केलेलं माक्याचं तेल हे स्वच्छ, बिनवासाचं, खात्रीचं तेल असतं आणि त्यानं डोकं चोळून घेण्याचं सुख वेगळंच.

कृती जुनीच आहे. तेलाच्या चौपट रस. म्हणजे वाटीभर खोबरेल असेल, तर चार वाट्या माक्याचा रस. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि अधूनमधून ढवळा. तडतड थांबली आणि तळाशी बसलेला चोथा बोटांत धरल्यावर वळायला लागला, की पाणी आटलं समजा. गार करून, गाळून कोरड्या बाटलीत भरा. पाणी राहिलं तर तेल खवट होतं. पहिल्यांदा वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. पुरळ आलं नाही, तरच डोक्याला लावा.

दुसरी कंबरमोडी. हिलाच कुठे एकदांडी, कुठे दगडीपाला म्हणतात. लांब दांड्यावर एकच लहानसं फूल, मध्ये पिवळं, कडेला फिकट पाकळ्या. शाळेच्या मैदानापासून शेतापर्यंत कुठेही दिसेल. विळा लागला, की बायका हिचा पाला चुरगळून जखमेवर पिळतात आणि रक्त थांबतं, हे मी लहानपणी कितीदा पाहिलं आहे. यात एक मौज आहे. ही वनस्पती मुळची आपली नव्हेच. ती अमेरिका खंडातून आली आणि इथे तण म्हणून पसरली. म्हणजे हे औषध ऋषिमुनींनी सांगितलेलं नाही. शेतात काम करणाऱ्या बायाबापड्यांनी नवं झाड पाहिलं, चाखलं, लावून पाहिलं आणि उपयोग शोधून काढला. मला तर याचा फार अभिमान वाटतो. अडाणी म्हणून ज्यांना हिणवलं, त्यांनी केलेला हा प्रयोगच की!

पण आज आपल्या घरात नळाचं पाणी आहे, साबण आहे. तेव्हा कापलं, की आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा. शेतात, रस्त्यावर लागलं असेल, लोखंडानं कापलं असेल, तर धनुर्वाताची सुई कधी घेतली होती ते आठवा आणि गरज असेल तर घ्या. पाला जमिनीलगतचा असतो. त्यावरची माती जखमेत गेली, तर एक उपाय करताना दुसरा अपाय व्हायचा.

दूर्वांचा रस घोळणा फुटल्यावर नाकात घालायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. हीही गोष्ट आजीच्या लेपासारखीच. मुलांचा घोळणा बहुधा आपोआप थांबतो. नाकात काही घालू नका. मुलाला बसवा, डोकं मागे न टाकता थोडं पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. मध्ये सोडून पाहायचं नाही. एवढं करूनही थांबलं नाही, तर डॉक्टर.

टाकळ्याच्या बियांचा लेप गजकर्णावर लावतात. हल्ली गजकर्ण फार चिवट झालंय. लेप लावून महिना घालवला, तर घरातल्या चौघांना लागतं. टॉवेल, कपडे वेगळे ठेवा, जागा कोरडी ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. दुकानातून मनानं आणलेलं मलमही नको. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं आणि रोग दबून पुन्हा उसळतो.

पोटात घ्यायचं: इथे थांबा

आता सर्वांत नाजूक भाग. भुईआवळी तुम्हांला ठाऊक असेल. कुंडीतही उगवते. पानाच्या खालच्या बाजूला ओळीनं इवल्या आवळ्यांसारखी फळं. काविळीवरचं हे गावोगावचं औषध. १९८८ साली लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हिच्याविषयी मोठी आशा दाखवणारा लेख आला होता आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. पण नंतरच्या प्रयोगांत तसा गुण आढळला नाही. मग गावात काविळीचे रोगी बरे कसे होतात? पुन्हा तेच. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत विश्रांतीनं आपोआप उतरते.

बहुतेकांची म्हटलं, सगळ्यांची नव्हे. घरात गरोदर सून, लेक, भावजय असेल आणि तिचे डोळे पिवळे दिसले, तर एक दिवसही घरगुती उपायांत घालवू नका. ‘ई’ प्रकारची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या जिवावर बेतते. कावीळ उतरवून घेणं, नाकात थेंब सोडणं, हातावर डाग देणं हे सगळं बाजूला ठेवा.

पुनर्नवेचंही असंच. खेड्यात हिला घेटुळी म्हणतात. सुजेवर तिचा काढा देतात. पण सूज हा रोग नव्हे, ती खूण आहे. हृदयाचं, मूत्रपिंडाचं, यकृताचं कुठलंही दुखणं पायांवर सुजेच्या रूपानं दिसू शकतं. गरोदरपणात पायाबरोबर चेहरा आणि हात सुजले, डोकं दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आधी रक्तदाब मोजून घ्या. काढा करत बसलात, तर ती खूणच झाकली जाईल.

आणि रक्तदाबाची, मधुमेहाची, थायरॉइडची गोळी चालू असताना ती बंद करून कुठलाही काढा घ्यायचा नाही. गोळीबरोबर घ्यायचा असेल, तरी डॉक्टरांना नाव सांगून विचारायचं. वैद्यांकडे जायचं तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जा. ते नाडी पाहतात, प्रमाण सांगतात. फोनवरचा निरोप प्रमाण सांगत नाही आणि उद्या त्रास झाला, तर तो दारही उघडत नाही.

पत्रीतली विषं

आता भाद्रपद येईल, हरतालिका, गणपती येतील. पत्रीच्या जुडीत धोतरा, रुई, कण्हेर असतात. देवाला वाहायला ठीक, पण ती विषारी आहेत हे विसरू नका. धोतऱ्याच्या बिया पोटात गेल्या, तर तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळायला लागतो. कण्हेर हृदयावर परिणाम करते. रुईचा चीक डोळ्यात गेला, तर बुबुळाला इजा होते. काटा काढायला रुईचा चीक लावताना पुष्कळांनी तेच बोट डोळ्याला लावलेलं आहे. तसं झालं, तर डोळा स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं सतत धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पूजा झाल्यावर पत्री मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. पत्री निवडली, की हात साबणानं धुवा आणि मगच मोदकाच्या उकडीला हात लावा.

पिवळ्या धोतऱ्याचं बी तर हुबेहूब मोहरीसारखं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याच्या तेलाची भेसळ झाली आणि कित्येक माणसं अंगावर सूज येऊन आजारी पडली, काही दगावली. म्हणून सुटं, बिनशिक्क्याचं तेल घेऊ नका.

आणि गाजरगवत! १९५५च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि आज देशभर पसरलं आहे. त्यानं अंगाला खाज सुटते, काहींना दमा होतो. बटव्यात त्याला जागा नाही. सोसायटीच्या आवारात दिसलं, तर फुलं येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटून टाका.

गोळा करण्याआधी

शेवटी एक आजच्या काळातली गोष्ट. आमच्या माहेरी आता बेणणीला बायका मिळत नाहीत. मजुरी वाढली, माणसं शहरात गेली. भावानं तणनाशक फवारायला सुरुवात केली. त्याला दोष देत नाही, त्याचंही गणित आहे. पण गेल्या पावसाळ्यात मी हौसेनं टाकळा खुडायला बांधावर गेले, तर वहिनी धावत आली. “वन्सं, नका घेऊ, परवाच फवारलंय!” पाला हिरवागार दिसत होता. वरून काही कळत नव्हतं.

तेव्हा रस्त्याच्या कडेचं, गटाराजवळचं, फवारलेल्या शेताजवळचं तण आणू नका. बाजारातल्या मावशींकडून घ्या, पण कुठून आणलंत हे विचारा. त्यांना राग येत नाही, उलट त्या चार गोष्टी जास्त सांगतात. त्याहून बरं म्हणजे घोळ, माका कुंडीत लावा. तणच ते, न लावताही येतं, लावलं तर आनंदानं येईल. आणि जे ओळखता येत नाही, ते घरात आणायचं नाही. ‘बहुतेक तेच असावं’ या शब्दांवर भाजी शिजवू नका.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळते. सासूबाईंचं ऐकू की मुलीचं? ताई, एका शनिवारी दोघींना घेऊन बाजारात जा. टाकळा कुठला आणि कासविंदा कुठला, घोळ कुठली, माका कुठला, हे सासूबाईंना दाखवू दे. ती ओळख त्यांच्या हातात आहे. त्या हातांबरोबर गेली, तर कुठल्या पुस्तकातून ती परत येणार नाही. आणि दवाखान्यात केव्हा जायचं, हे मुलीला ठरवू दे. माझ्या आजीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण स्वतःची चूक दिसली, तेव्हा तिनं सहाण आत ठेवली. औषध बदलायला तिला कमीपणा वाटला नाही. आजीबाईच्या बटव्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी चीज तीच.

या शुक्रवारी जिवतीला आघाडा वाहाल, तेव्हा मुलांच्या औक्षासाठी हात जोडा. आणि जवळचा रात्रीही उघडा असणारा दवाखाना कुठला, त्याचा फोन नंबर कोणता, हे कागदावर लिहून जिवतीच्या कागदाशेजारीच भिंतीवर चिकटवून ठेवा. माझ्या स्वयंपाकघरात तो तसाच लावलेला आहे.

तुमच्या भागात कुठलं तण कशाला वापरतात, त्याला काय म्हणतात, ते जरूर कळवा. अनुभव लिहाल, तेव्हा गुण आला तेही लिहा आणि आला नाही, तेही लिहा.